शिक्का शेवटी वाचा: जुन्या जर्मन स्टोनवेअरचं गाव आणि कर्ता ओळखण्याची रीत

माझ्याकडे फोटो येतो तो बहुतेक वेळा भांड्याच्या बुडाचा. कान कुठे जोडलाय, आतून काय दिसतं, काठ कसा आहे, यातलं काहीच नाही. फक्त बूड, त्यावर पुसट झालेली अक्षरं आणि खाली प्रश्न: "हे कोणाचं?" पुष्कळदा उत्तरही सोबतच असतं: "गेझेट्स्लिश गेश्युट्स्ट या कंपनीचा १५८९ चा मग आहे, बरोबर ना?"

त्या दोन शब्दांचा अर्थ 'कायद्याने संरक्षित', ती कंपनी नव्हे. आणि १५८९ हा सन साच्यात कोरलेला असतो, भांडं त्यानंतर तीनशे वर्षांनी काढलेलं असू शकतं. असं होतं कारण आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. क्रम असा ठेवा: आधी माती, मग झिलई, मग घडण, मग नक्षी, मग झाकण आणि सगळ्यात शेवटी शिक्का. त्याच क्रमाने प्रदेश कळतो, मग काळ आणि जमलंच तर कर्ता. एकोणिसाव्या शतकाआधीच्या बहुतेक भांड्यांचा कर्ता कधीच कळत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करून टाका. नाव लावायच्या घाईतच बहुतेक चुका होतात.

## तयारी

हाताशी ठेवायच्या वस्तू: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मऊ ब्रश, शिंप्याची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, पातळ पांढरा कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल. टेबलावर जुना टॉवेल अंथरा. ट्यूबलाइटखाली राखाडी रंग निळसर दिसतो, म्हणून खिडकीजवळ बसा.

भांडं कोमट पाण्याने आणि ब्रशने पुसा, एवढंच. व्हिनेगर, लिंबू, भांडी घासायची पावडर काही नको. झाकण असेल तर पाण्यात बुडवून ठेवू नका. रंगीत चित्रं असतील तर आधी ओल्या कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात एक टिंब पुसून बघा, कारण काही भांड्यांवर रंग भट्टीत न भाजता नुसता वरून दिलेला असतो आणि तो धुतला की जातो.

आता फोटो: समोरून, मागून, कानाच्या बाजूने, कानाचं वरचं आणि खालचं टोक जवळून, काठ, आतला भाग टॉर्च टाकून, बूड सरळ आणि बूड तिरप्या उजेडात. उंची, बुडाचा व्यास आणि वजन लिहून ठेवा.

तपासणी: कुठे टवका उडालाय का? वाईट वाटून घेऊ नका, तिथेच आतली माती उघडी दिसते. पहिल्या दोन पायऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्या टवक्याचाच होतो.

## पायरी १: हे स्टोनवेअर आहे का?

स्टोनवेअर म्हणजे साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजलेली, आतपर्यंत घट्ट वितळून बसलेली माती. लोणच्याची जुनी जाड बरणी हाताळली असेल तर तो जडपणा ओळखीचा वाटेल.

बुडाच्या झिलई नसलेल्या जागी किंवा टवक्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो तसाच फुगून बसला तर स्टोनवेअर असण्याची शक्यता मोठी. मातीने पिऊन टाकला तर ते बहुधा फायान्स, म्हणजे भाजक्या मातीवर कथलाची पांढरी झिलई दिलेलं भांडं. जर्मनीत तेही भरपूर बनत असे आणि निळ्या चित्रांमुळे दुरून स्टोनवेअरसारखं वाटतं.

टॉर्च भांड्याच्या भिंतीला टेकवून धरा. उजेड पलीकडे गेला तर ते पोर्सेलिन. बिअरच्या मगाच्या बुडातून उजेडात चित्र उमटत असेल तर ते नक्की पोर्सेलिनच, हा लेख त्याच्या कामाचा नाही.

शेवटी बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड भांडं खणखणतं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा दुरुस्ती झालेली आहे.

## पायरी २: माती आणि झिलई

भट्टी पुरेशी तापल्यावर आत मीठ टाकतात. त्यातला सोडियम वाफेबरोबर भांड्यांवर बसतो, मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतो आणि काचेसारखा थर तयार होतो. हा थर संत्र्याच्या सालीसारखा, बारीक खड्ड्यांचा दिसतो. भिंगातून बघा. एका बाजूला झिलई जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाही, किंवा शेजारचं भांडं चिकटल्याचा गोल डाग, हे दोष नव्हेत, हे पुरावे आहेत.

आता टवक्यातली माती, बाहेरचा रंग आणि आकार एकत्र ठेवून खालच्या गावांशी ताडून बघा.

झीगबुर्ग (बॉनजवळ): माती जवळजवळ पांढरी ते फिकट राखाडी, झिलई पातळ किंवा नाहीच. जुन्या सुरयांचा पाया बोटांनी चिमटून लाटेसारखा केलेला. सोळाव्या शतकातला खास आकार म्हणजे 'श्नेले', वर निमुळता होत जाणारा उंच मग, अंगावर उठावाच्या लांब पट्ट्या.

कोलोन आणि फ्रेखेन: माती राखाडी, पण वरून लोहयुक्त पातळ मातीचा हात दिलेला, त्यामुळे तपकिरी, बऱ्याचदा ठिपकेदार. गळ्यावर दाढीवाला चेहरा असलेले 'बार्टमान' जग, म्हणजे कानाच्या सुरया, इथले. सोळाव्या शतकात कोलोन शहराने कुंभारांना त्रास द्यायला सुरुवात केली आणि धंदा जवळच्या फ्रेखेनला सरकला.

राएरन: आखनजवळचं गाव, आज बेल्जियममध्ये. आधी चकचकीत तपकिरी भांडी, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत राखाडी अंगावर निळा रंग.

वेस्टरवाल्ड: ह्योर, ग्रेन्झहाउझेन, ग्रेन्झाउ ही गावं. राखाडी माती, कोबाल्टचा निळा, सतराव्या शतकापासून त्याच्या जोडीला मँगनीजचा जांभळा. बाजारात जर्मन स्टोनवेअर म्हणून जे दिसतं त्यातलं बहुतेक इथलं.

क्रॉइसेन (बायरॉइटजवळ): गडद तपकिरी अंगावर लाल, पिवळा, निळा, पांढरा एनॅमल. बारा प्रेषितांच्या रांगा असलेले बुटके मग प्रसिद्ध आहेत.

बुन्झ्लाउ: सिलेसियातलं, आज पोलंडमधलं बोलेस्वाविएत्स. इथली कॉफीसारखी तपकिरी झिलई मिठाची नाही, पातळ मातीच्या लेपाची आहे, त्यामुळे संत्र्याची साल शोधून सापडणार नाही.

सावधान: रंगावरून एकट्याने निकाल देऊ नका. एकच माती भट्टीत हवा खेळती राहिली तर तपकिरी आणि हवा कोंडली तर राखाडी होते. शिवाय कुंभार गाव बदलत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राएरनची आणि झीगबुर्गची काही घराणी वेस्टरवाल्डला गेली, साचे आणि हातोटी बरोबर घेऊन. त्या काळातली राखाडी-निळी भांडी राएरनची की वेस्टरवाल्डची, यावर जाणकारही थबकतात. तुम्ही 'राएरन किंवा वेस्टरवाल्ड' असं लिहिलंत तर ती माघार नव्हे, ते बरोबर उत्तर आहे.

## पायरी ३: घडण, म्हणजे आतला हात

ही पायरी लोक गाळतात. माझं नुकसानही इथेच झालं.

काही वर्षांपूर्वी ऱ्हाईनकाठच्या रविवारच्या जुन्या बाजारात मी एक तपकिरी जग घेतला. पोटावर नाचणाऱ्या शेतकऱ्यांची रांग, वर जर्मन अक्षरांची पट्टी आणि त्यात सन, पंधराशे-अमुकचा. बूड काळपट, काठाला छोटा टवका, सगळं कसं म्हातारं दिसत होतं. विकणारा काही फार बोलला नाही, स्वप्नं मीच रंगवली. घरी येऊन जग धुताना बोटं आत गेली आणि लक्षात आलं की बाहेर जिथे जिथे नाचणाऱ्याचं डोकं पुढे आलंय, तिथे तिथे आत खळगा आहे. म्हणजे जग चाकावर घडलाच नव्हता, साच्यात काढलेला होता. चाकावरच्या जगावर उठावाची पट्टी वेगळी काढून चिकटवतात, तेव्हा आतली भिंत सपाट राहते.

तेव्हा असं करा. आत बोटं घाला आणि हळू गोल फिरवा.

१. आत चढत जाणारी वळी लागली तर भांडं चाकावर घडवलेलं आहे. बाहेरचा उठाव नंतर लावलेला.

२. बाहेरच्या नक्षीमागे आत खळगे लागले तर ते साच्यात दाबलेलं किंवा ओतलेलं आहे. जुन्या नमुन्यांच्या अशा प्रती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात निघाल्या, तेव्हा सुरुवातीची तारीख तिथे धरा.

३. आत वळी नाहीत, खळगे नाहीत, सगळं एकसारखं गुळगुळीत: यंत्राची मदत घेतलेली असण्याची शक्यता. हेही उशिराचंच.

मग बूड तिरप्या उजेडात धरा. शिंपल्यावरच्या रेषांसारख्या कमानी दिसल्या तर चाक फिरत असतानाच तारेने भांडं कापून काढलं. रेषा समांतर असतील तर चाक थांबवून कापलं. दोन्ही खुणा हातकामाच्या. पण एकोणिसाव्या शतकात हाताने घडवणारे कुंभार होतेच, तेव्हा कमानी दिसल्या म्हणून लगेच सोळाव्या शतकात उडी मारू नका.

तपासणी: झीज कुठे आहे? खरी झीज बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर, कानाच्या बाहेरच्या वळणावर आणि उठावाच्या टोकांवर असते. सगळीकडे सारखा तपकिरी मळ असेल, अगदी खोल कोपऱ्यांतही आणि टवक्याच्या आतही, तर तो मळ कुणीतरी लावलाय. आणि बुडाच्या मधोमध एखादा गोल घासून काढल्यासारखा दिसला तर तिथे नव्या काळाचा शिक्का होता असं धरून चाला.

## पायरी ४: नक्षी, राजचिन्हं आणि तो फसवा सन

उठावातला सन हा साचा कोरला त्याचा सन. साचा झिजेपर्यंत वापरला जाई, विकला जाई, दुसऱ्या गावी जाई, आणि त्याच्यावरून नवा साचाही काढता येई. त्यामुळे सनाचा अर्थ एवढाच: भांडं याच्या आधीचं नाही. नंतरचं कितीही असू शकतं.

अक्षरांचंही तसंच. पट्टीतली आद्याक्षरं बऱ्याचदा साचा कोरणाऱ्याची असतात. राएरनच्या यान एमेन्स मेनिकेन या कुंभाराची 'आय. ई.' आणि 'आय. ई. एम.' ही अक्षरं प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच सर्वांत जास्त नकलांवर तीच सापडतात. एकोणिसाव्या शतकात राएरनला हुबर्ट शिफर आणि झीगबुर्गला पेटर ल्योवेनिश यांनी जुन्या नमुन्यांच्या उत्तम प्रती काढल्या. त्यांनी त्या जुन्याच्या आवडीपोटी केल्या. पुढच्या हातांनी त्यांना 'अस्सल' केलं.

राजचिन्ह आणि ढाल दिसली की लोक देश ठरवून मोकळे होतात. राखाडी-निळ्या भांड्यावर 'जी. आर.' असेल तर ते इंग्लंडचं नाही, इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी वेस्टरवाल्डला केलेलं आहे. 'डब्ल्यू. आर.' म्हणजे तिसरा विल्यम (१६८९ ते १७०२), 'ए. आर.' म्हणजे राणी ॲन (१७०२ ते १७१४), 'जी. आर.' म्हणजे १७१४ पासूनचे जॉर्ज राजे. बार्टमानच्या पोटावरचे तीन तिरपे क्रॉस आम्स्टरडॅमचे, पण जग फ्रेखेनचा. ढाल विकत घेणाऱ्याची, माती करणाऱ्याची, हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम होतं.

दाढीवाल्या चेहऱ्याला इंग्रजीत कार्डिनल (कॅथलिक चर्चमधला वरिष्ठ धर्मगुरू) बेलार्मिनचं नाव पडलं. बेलार्मिन १५४२ साली जन्मला आणि त्या आधीपासून दाढीवाले जग बनत होते, तेव्हा त्याच्या हयातीवरून काळ काढू नका. चेहऱ्यावरून काढा: सोळाव्या शतकातले चेहरे माणसासारखे, दाढी नीट विंचरलेली, सतराव्याच्या उत्तरार्धात चेहरा वेडावाकडा, दात विचकलेला, एखाद्या लहान मुलाने काढल्यासारखा.

## पायरी ५: झाकण

झाकण प्युटरचं, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचं. ते हरवतं, बदललं जातं, दुसऱ्या मगावरून काढून बसवलं जातं. झाकणावर कोरलेलं नाव आणि तारीख मालकाची किंवा भेट दिल्याची असते. झाकण काठावर नीट बसतं का, बिजागरीचा पट्टा कानाला घट्ट आहे का, एवढं बघा. झाकणावरून भांड्याचा काळ ठरवू नका, फक्त आधीच्या पायऱ्यांच्या निष्कर्षाशी जुळतंय का ते तपासा.

## पायरी ६: आता शिक्का

शिक्का दाबलेला असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. डोळ्याला न दिसणारं अक्षर कागदावर उठतं. मग जे जे दिसतंय ते चार खणांत वाटा. न वाटता शोधायला बसलात तर पुन्हा 'गेझेट्स्लिश' कंपनी सापडेल.

कायद्याचे शब्द. 'गेस. गेश.' (सुरुवातीच्या त्याच दोन शब्दांचं लघुरूप) आणि 'मुस्टरशुट्झ' म्हणजे नमुना कायद्याने संरक्षित. 'डी. आर. जी. एम.' (जर्मन साम्राज्यातली नमुन्याची नोंद) असेल तर १८९१ नंतरचं. 'मेड इन जर्मनी' हा शब्दप्रयोग ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे आला. अमेरिकेला जाणाऱ्या मालावर १८९१ पासून देशाचं नाव इंग्रजीत लागत असे. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. उलट बाजूने मात्र अर्थ काढू नका: देशी बाजारासाठी केलेल्या मालावर 'जर्मनी' लिहायची गरज नव्हती, त्यामुळे शब्द नाही म्हणून भांडं जुनं ठरत नाही.

माप. 'अर्धा लिटर' किंवा '०.५ एल.' आणि काठाजवळ रेघ. जर्मन साम्राज्यात लिटर १८७२ पासून लागू झाला आणि गुत्त्यातल्या पेल्यांवर मापाची खूण १८८४ पासून सक्तीची झाली. कारखान्यातच पाडलेली लिटरची खूण असेल तर अंगावर काहीही सन असो, भांडं १८७२ नंतरचं.

आकार-क्रमांक. तीन-चार आकडे दाबलेले असतात. हा साच्याचा नंबर, सन नव्हे. याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण मेटलाख या कारखान्याचं: तिथल्या अर्ध्या लिटरच्या एका अतिशय खपलेल्या मगाचा आकार-क्रमांक १९०९ आहे, आणि जगभर ते मग '१९०९ सालचे' म्हणून विकले जातात. मेटलाखवर सनही असतो, पण तो वेगळा, शेवटचे दोनच आकडे. '९८' म्हणजे १८९८.

कारखान्याचं नाव किंवा खूण. बुरूज, 'मेटलाख' हे नाव आणि 'व्ही. बी.' ही अक्षरं म्हणजे व्हिलेरॉय आणि बॉख. सार नदीवरच्या जुन्या बेनेडिक्टाइन मठात १८०९ साली हा कारखाना सुरू झाला, आणि १८३६ साली दोन घराण्यांनी धंदे एकत्र केले. ही भांडी वेस्टरवाल्डची नाहीत, हे निळा रंग दिसला की विसरलं जातं. 'एम. डब्ल्यू.' आणि जोडीला 'जीआर.' असेल तर ग्रेन्झहाउझेनचे मर्केलबाख आणि विक, इथला 'जीआर.' गावाचा आहे, इंग्लंडच्या जॉर्जचा नाही! ह्योरचे झिमोन पेटर गेर्ट्झ (स्थापना १८५७), राइनहोल्ड हांके, मार्झी आणि रेमी, ड्युम्लर आणि ब्राइडेन ही नावंही वारंवार भेटतील. साध्या, भूमितीच्या रेषांची राखाडी-निळी भांडी असतील तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राइनहोल्ड मर्केलबाखच्या कारखान्यासाठी रिचर्ड रीमरश्मिड या डिझायनरने केलेले नमुने बघा.

सावधान: नुसता आकार-क्रमांक आणि नाव नाही, तर कर्ता सापडला असं म्हणू नका. एकमेकांच्या शेजारी असलेल्या या कारखान्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळतात, नक्षी तर सर्रास जुळते. क्रमांक, उंची आणि नक्षी, तिन्ही एकाच कारखान्याच्या जुन्या सूचीत सापडली तरच नाव लिहा.

## पायरी ७: बाटल्यांचा हिशेब वेगळा

तपकिरी, उभट, छोट्या कानाच्या बाटल्या सगळ्यात जास्त सापडतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. त्यावरचं नाव बाटली करणाऱ्याचं नसतं, आत काय भरलं त्याचं असतं. 'सेल्टर्स' हे नीडरझेल्टर्सच्या झऱ्याच्या पाण्याचं नाव. 'वायनांड फॉकिंक, आम्स्टरडॅम' हे जिन विकणाऱ्याचं. बाटल्या दोन्ही वेस्टरवाल्डच्या.

इथे मात्र शिक्का खरोखर उपयोगी पडतो. सेल्टर्सच्या गोल शिक्क्यात ट्रियरचा क्रॉस असेल तर ती नासाउ संस्थानाच्या आधीची, ट्रियरच्या राजवटीतली. 'हेर्झोगटुम नासाउ' किंवा 'एच. एन.' असेल तर १८०६ ते १८६६ मधली. प्रशियाचा गरुड असेल तर १८६६ नंतरची, कारण त्या वर्षी प्रशियाने नासाउ गिळलं. मग कानाखाली बघा: एक अक्षर आणि एक आकडा दाबलेला असतो. अक्षर कुंभारांच्या गावाचं, आकडा त्या गावातल्या कुंभाराचा. अख्ख्या जर्मन स्टोनवेअरमध्ये सामान्य माणसाच्या हाताचा माग इतक्या जवळून फार कमी ठिकाणी लागतो, आणि या बाटल्या स्वस्तही असतात.

मुंबईच्या जुन्या बाजारात 'जर्मन' म्हणून दाखवली जाणारी वरून पिवळसर तपकिरी, खालून मलईरंगी गुळगुळीत बाटली बहुधा ब्रिटिश जिंजर बिअरची असते. भिंग लावा, संत्र्याची साल नाही ना? झालं.

## पायरी ८: निष्कर्ष लिहून ठेवा

प्रत्येक ओळीपुढे खात्री लिहा: 'नक्की', 'बहुधा' किंवा 'कदाचित'. 'नक्की' लिहायला किमान दोन वेगळ्या पायऱ्यांचा पुरावा हवा. शंका राहिली तर संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहांतल्या वस्तूंशी ताडा: ह्योर-ग्रेन्झहाउझेनचं वेस्टरवाल्ड सिरॅमिक संग्रहालय, ड्युसेलडॉर्फचं हेट्येन्स, राएरनच्या गढीतलं कुंभारकाम संग्रहालय, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. पत्र लिहिणार असाल तर तयारीतले सगळे फोटो, मापं आणि वजन एकदम पाठवा.

माझ्या त्या जगाचं कार्ड असं आहे:

प्रकार: स्टोनवेअर, नक्की (थेंब, टवका).
झिलई: मिठाची, नक्की.
घडण: साच्यातली, नक्की (नक्षीमागे खळगे).
नमुना: राएरनचा शेतकरी-नाच, नक्की.
उठावातला सन: पंधराशे-अमुकचा, काळासाठी निरुपयोगी.
काळ: १८७० ते १९१०, बहुधा.
प्रदेश: वेस्टरवाल्ड, कदाचित.
बूड: मधोमध घासलेला गोल, रुपयाच्या नाण्याएवढा.
कर्ता: रिकामं.